फाटकावरच्या माठाबद्दल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा अक्षय्य तृतीयेला मी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक माठ ठेवला. नौपाड्यातली आमची जुनी ३ मजली इमारत पुनर्विकासात गेली आणि तिच्या जागी २२ मजल्यांचा टॉवर आला. त्या टॉवरच्या फाटकाशी, वॉचमनच्या केबिनच्या सावलीत. उदककुंभ दान करायची आमच्या घरची रीत आहे. या वर्षी तो दारावरच ठेवावा असं मनात आलं. खाली लोखंडी तिवई, वर झाकण, लांब दांड्याचं ओगराळं आणि स्टीलचे दोन पेले. नवव्या दिवशी कमिटीचं पत्र हातात पडलं. माठामुळे बाहेरच्या व्यक्ती फाटकाशी रेंगाळतात, सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्य नाही, सबब माठ १५ दिवसांत हलवावा.

गृहसंकुलांच्या सुरक्षेवर आपल्या पत्रस्तंभात गेले काही दिवस जी पत्रं येताहेत, तीही मी लक्षपूर्वक वाचली. कॅमेरे किती असावेत, ॲप कोणतं घ्यावं, ओटीपी कोणाच्या फोनवर जावा, सगळं त्यांत आहे. दारावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल मात्र एक ओळ नाही, आणि दाराशी आलेल्या माणसाबद्दलही नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, क्षमा असावी. दार कसं राखावं हे मी ज्या घरात पाहिलं, त्या घराबद्दल सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरतं पोचणार नाही.

मी निवृत्त परिचारिका आहे. ३४ वर्षं रुग्णालयात काढली. २०१८ च्या जानेवारीअखेरीस, इंग्लंडला असलेली माझी मुलगी ३१ व्या आठवड्यातच बाळंत झाली. बाळ दीड किलोचंही नव्हतं. ज्या मोठ्या रुग्णालयात त्याला हलवलं, ते मुलीच्या घरापासून रेल्वेने दोन तासांवर. मुलीला तिथेच बाळांच्या आयांसाठी असलेली खोली मिळाली, जावई नोकरी सांभाळून ये-जा करत होते. माझा व्हिसा बाळंतपणासाठी आधीच काढून ठेवलेला होता, मिळेल त्या विमानाने मी गेले. पण राहायचं कुठे? हॉटेलात चार दिवस काढले असते तर माझं महिन्याचं पेन्शन संपलं असतं. नवजात बालकांच्या विभागातल्या एका नर्सनेच सुचवलं, बसने वीस मिनिटांवर संन्यासिनींचा मठ आहे, पाहुणे ठेवून घेतात, विचारून बघा.

तो बेनेडिक्टाइन धर्मभगिनींचा मठ होता. एकंदर नऊ जणी. सगळ्यांत धाकटी ४२ वर्षांची, थोरली ९१ ची. मठाचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मी बॅग ओढत तिथे पोचले आणि पुढे १९ रात्री राहिले.

घंटा वाजवली. आतून काठीचा आवाज, मग एक अस्पष्ट वाक्य, मग दार. दार उघडणाऱ्या सिस्टर ऐंशीच्या पलीकडच्या. गुडघे पार गेलेले, नर्सच्या नजरेला ते लगेच दिसतं. दार उघडताना त्या जे पुटपुटल्या ते लॅटिन होतं, त्याचा अर्थ 'देवाचे आभार', हे मला दोन दिवसांनी कळलं. इतक्या थंडीत कोणीतरी घंटा वाजवली, गुडघे दुखत असताना उठावं लागलं, आणि या बाई देवाचे आभार मानत दार उघडतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला एक पातळसं पुस्तक आणून दाखवलं. ते त्यांच्या पंथाचे नियम, संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेले. संत बेनेडिक्ट इटलीतले, इसवी सन ४८० च्या सुमाराचा त्यांचा जन्म. नियमांची ७३ छोटी प्रकरणं आहेत, आणि त्यातलं ६६ वं प्रकरण दारावरच्या माणसाचं आहे.

दारावर शहाणा, वयस्क माणूस असावा. त्याला निरोप नीट घेता यावा आणि उत्तरही नीट देता यावं, आणि वयामुळे त्याला इकडेतिकडे भटकायची हौस उरलेली नसावी. त्याची खोली दाराजवळच असावी, म्हणजे येणाऱ्याला तो नेहमी सापडेल. कोणी दार ठोठावलं किंवा गरिबाने हाक मारली की त्याने लगेच 'देवाचे आभार' म्हणावं, किंवा 'आशीर्वाद द्या' म्हणावं, आणि प्रेमाने, तत्परतेने ओ द्यावी. त्याला मदत लागली तर जोडीला एखादा तरुण द्यावा. इतकं सगळं एका द्वारपालाबद्दल! आमच्या सोसायटीच्या उपविधींच्या पुस्तकात वॉचमनबद्दल काय आहे ते मी परवा शोधलं. खर्चाच्या हिशोबात 'सुरक्षा' या शब्दापलीकडे मला काही सापडलं नाही.

त्या संध्याकाळी मला तीनच प्रश्न विचारले गेले. काय खाता, रुग्णालयातून रात्री किती वाजता परत याल, आणि एक पांघरूण पुरेल का. नाव मी आपणहून सांगितलं. धर्म कोणीच विचारला नाही. गळ्यात तुळशीची माळ होती, ती सगळ्यांना दिसत होती. आमचं घर वारकऱ्यांचं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणघरात गेले तर मठाच्या प्रमुख, ज्यांना सगळ्या 'मदर' म्हणत, त्या दाराशी पाण्याचा जग आणि पंचा घेऊन उभ्या. माझ्या हातांवर त्यांनी पाणी घातलं. नियमच आहे तसा. पाहुण्याच्या हातांवर प्रमुखाने स्वतः पाणी घालावं, आणि त्याचे पायही धुवावेत असं ५३ व्या प्रकरणात लिहिलेलं आहे. पाय धुण्याची प्रथा त्या मठात आता रोजची राहिलेली नाही, पण पाण्याची राहिली आहे. जुन्नर तालुक्यात माझ्या आजोळी आषाढीला दिंडी दारावरून जायची, तेव्हा आजी पितळी घंगाळात पाणी घेऊन ओट्यावर बसायची आणि दारी येईल त्या वारकऱ्याचे पाय धुवायची. जगमधलं ते कोमट पाणी हातावर पडलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजीचा ओला पदर आला. बाळ काचेच्या पेटीत होतं, मी परक्या देशात होते, आणि त्या क्षणापासून तिथे मला परकं वाटलं नाही.

जेवताना कोणी बोलत नाही. एकीची आठवड्याची पाळी असते, ती उभी राहून पुस्तक मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकत जेवतात. स्वयंपाकाच्या आणि वाढण्याच्याही अशाच पाळ्या, त्यातून कोणी मोठं म्हणून सुटत नाही. बोलायचं नाही म्हणजे मीठ कसं मागायचं, हा मला पहिल्या दिवशी पडलेला प्रश्न. मागावंच लागत नाही. शेजारच्या ताटात काय कमी आहे यावर प्रत्येकीची नजर असते, आणि हेही नियमांत लिहिलेलं आहे, की एकमेकांना असं वाढावं की कोणाला काही मागायची वेळ येऊ नये. आपल्याकडे पंगतीत वाढणारा फिरताना हेच करतो. चांगला वाढपी 'हवं का' विचारत नाही, त्याला पानावरून कळतं.

एका रात्री मला यायला साडेनऊ झाले. बाळाच्या श्वासाने घोर लावला होता. मठात आठ वाजता शेवटची प्रार्थना होते आणि त्यानंतर सकाळपर्यंत कडक मौन. मी चोरपावलांनी आले तर त्याच काठीवाल्या सिस्टर दाराशी खुर्चीत बसलेल्या. त्यांनी थर्मासमधून सूप ओतून दिलं, आणि मौनाची वेळ असूनही विचारलं, 'बाळ कसं आहे?' मी ओशाळले, म्हटलं माझ्यामुळे तुमचा नियम मोडला. त्या म्हणाल्या, मोडला नाही. रात्रीच्या मौनाच्या प्रकरणातच अपवाद लिहिलेला आहे, पाहुण्यांची गरज असेल तर बोलावं. पाहुणे अवेळी येणारच, मठ पाहुण्यांवाचून कधी राहत नाही, म्हणून त्यांच्यासाठी स्वयंपाकघरसुद्धा वेगळं ठेवावं, इतका पुढचा विचार त्या जुन्या माणसाने केलेला होता.

त्या वर्षी एक योग जुळून आला, तो सांगायलाच हवा. १३ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती आणि १४ ला त्यांचा राखेचा बुधवार, म्हणजे ४० दिवसांच्या उपवासकाळाचा आरंभ. आदल्या मंगळवारी त्यांच्याकडे अंडी, दूध, लोणी संपवायचं म्हणून पॅनकेक करतात. आपल्या धिरड्यासारखेच, पण गोड. सगळ्या मठात लोण्याचा वास, आणि मला निर्जळी नसली तरी उपवास. मी कोणाला त्रास नको म्हणून खोलीतच थांबले. स्वयंपाकाची पाळी असलेल्या सिस्टर वर आल्या, खरं कारण काढून घेतलं, आणि अर्ध्या तासाने उकडलेले बटाटे, शेंगदाणे आणि दूध आणून ठेवलं. मीठ चालेल का, हे विचारायलाही विसरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या अर्धपोटी होत्या आणि माझ्यासाठी मात्र भात होता. त्याच दिवशी प्रत्येकीला एकेक पुस्तक दिलं गेलं, उपवासाच्या काळात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. मदरनी मलाही एक दिलं. मी ते रुग्णालयात पेटीशेजारी बसून वाचलं.

माझ्या हातून काही घ्यावं, याचीही त्यांना समज होती. ९१ वर्षांच्या सिस्टरच्या पायाला जुनी जखम होती. मी नर्स आहे कळल्यावर त्यांनी संकोच न करता ड्रेसिंग माझ्याकडे सोपवलं. रोज सकाळी सात वाजता मी ते करायची. नुसतं घेत राहणाऱ्या पाहुण्याची मान खाली जाते, माझी गेली नाही. निघताना एका पाकिटात जमेल तितके पैसे ठेवले. किती आहेत ते कोणी पाहिलं नाही. बाळाचा ऑक्सिजन काढला त्या दिवशी दारावरच्या सिस्टर काठी टाकून दोन्ही हातांनी माझे हात धरून उभ्या राहिल्या. तो नातू आता शाळेत जातो आणि तबला शिकतो.

आता आमच्या सेक्रेटरींच्या आक्षेपाकडे येते. ते सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही. ते म्हणाले, 'काकू, तुमचं मन मोठं आहे, पण आपली सोसायटी म्हणजे धर्मशाळा नव्हे. उद्या काही चोरी झाली तर?' त्यांना मी जे सांगितलं ते इथे लिहिते. त्या मठात १९ रात्री राहून मी सिस्टरांच्या झोपायच्या खोल्या पाहिल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर एक दार होतं, त्याच्या पलीकडे पाहुण्याने जायचं नाही, आणि कोणी जात नसे. बोलता बोलता घंटा झाली की समोरची सिस्टर अर्धं वाक्य सोडून प्रार्थनेला निघून जायची. पाहुण्यांशी बोलायचं काम ठरावीक जणींचं, बाकीच्या नुसतं नमस्कार करून पुढे जायच्या. म्हणजे मर्यादा आमच्या टॉवरपेक्षा जास्त कडक होत्या. फरक एवढाच, की आतलं दार बंद होतं म्हणून बाहेरच्या दाराशी आलेल्याला कोणी तुसडेपणाने वागवत नव्हतं. आतलं घर नीट राखलेलं होतं म्हणूनच बाहेरचं दार निर्धास्तपणे उघडता येत होतं. आणि हे नियम काही सुखाच्या काळात लिहिलेले नाहीत. ४७६ मध्ये पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य कोसळलं होतं, संत बेनेडिक्ट यांच्या उत्तरायुष्यात इटलीत गॉथ आणि बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सैन्यांचं वर्षानुवर्षं युद्ध चाललं होतं. दाराशी येणारा कोण असेल याची भीती त्यांना आपल्यापेक्षा कमी नव्हती.

त्याच ५३ व्या प्रकरणात एक वाक्य आहे, त्याने मला रात्रभर झोपू दिलं नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला साक्षात ख्रिस्त समजावं, हे तर आहेच, 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटू नये. पण पुढे ते म्हणतात, गरीब आणि यात्रेकरू यांच्या स्वागताची विशेष काळजी घ्या, कारण श्रीमंताला त्याच्या दराऱ्यामुळे मान आपोआप मिळतोच. हे दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य आमच्या फाटकावर रोज दुपारी खरं ठरताना मी पाहते. पांढरी मोठी गाडी आली की दांडा आधी वर जातो आणि चौकशी मागून होते, कधी होतही नाही. पाठीवर मोठी पिशवी घेतलेला, घामाने भिजलेला मुलगा मात्र उन्हात उभा राहून ॲपवर उत्तर येण्याची वाट बघतो. मे महिन्यात ठाण्यात दुपारी दोन वाजता डांबर मऊ झालेलं असतं. त्याने पाणी मागितलं तर वॉचमनने सांगायचं, परवानगी नाही. हे एका मुलाला सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, त्या दिवशीच माठाचं ठरलं.

वॉचमनला मी दोष देत नाही. तो बारा तास उभा असतो. केबिनमध्ये खुर्ची होती, ती 'झोपतो' म्हणून काढून घेतली. पंखा नाही. तळघरातलं स्वच्छतागृह कुलपात, किल्ली कमिटीकडे. ज्याला स्वतःला बसायला जागा नाही त्याच्याकडून दुसऱ्याचं स्वागत कसं होईल? 'खोली दाराजवळ असावी, मदतीला तरुण द्यावा' हे ज्याने लिहिलं त्याला हे कळलेलं होतं. आमच्या जुन्या इमारतीला फाटकच नव्हतं. ओटा होता. पोस्टमन, बोहारीण, कल्हईवाला, पत्ता चुकलेला कोणीही त्या ओट्यावर टेकायचा, आणि तळमजल्यावरच्या काकू न विचारता तांब्या-भांडं आणून ठेवायच्या, वर गुळाचा खडा. नव्या नकाशात ओट्याच्या जागी दोन गाड्यांचं पार्किंग आलं. आम्ही सगळ्यांनी त्या नकाशावर सह्या केल्या, मीही केली.

येत्या रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे. माठ राहू द्यावा, हे तर मी मागणारच. पण त्याबरोबर वॉचमनला खुर्ची आणि पंखा मिळावा, फाटकाच्या आत भिंतीलगत एक बाक असावा, आणि तळघरातल्या स्वच्छतागृहाची किल्ली दिवसा वॉचमनकडे असावी, म्हणजे घरकामाच्या बायकांना आणि सामान पोचवणाऱ्यांना ते वापरता येईल. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई सकाळी सातला कळव्याहून निघतात आणि पाच घरं करून दुपारी तीनला परततात. त्या मध्ये पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत हे मला नर्स असूनही विचारावं लागलं, याची मला खंत आहे. पाणी न पिणाऱ्या बायकांचे मूत्रमार्गाचे आजार मी रुग्णालयात वर्षानुवर्षं पाहिलेत.

आणखी एक विनंती सभेपुढे ठेवणार आहे. संत बेनेडिक्ट यांच्या ६१ व्या प्रकरणात लांबून आलेल्या संन्यासी पाहुण्याबद्दल लिहिलं आहे, की त्याने मठातली एखादी उणीव नम्रपणे, प्रेमाने दाखवली तर प्रमुखाने तिचा शांतपणे विचार करावा, कदाचित देवाने त्याला त्याचसाठी पाठवलं असेल. दोन्ही पाळ्यांचे वॉचमन आणि दोन-तीन कामवाल्या बाया यांना सभेत पाच मिनिटं बोलू द्यावं. फाटकाशी काय चालतं हे त्यांच्याइतकं २२ मजल्यांत कोणाला ठाऊक नाही. सेक्रेटरी म्हणाले, तशी प्रथा नाही. मी म्हटलं, विषयपत्रिकेवर घ्या, सभासदांना ठरवू द्या. त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

१० फेब्रुवारीला त्या मठात संत स्कोलास्टिका यांचा सण होता. त्या बेनेडिक्ट यांच्या भगिनी. भाऊ-बहीण वर्षातून एकदाच मठाबाहेरच्या एका घरात भेटत. शेवटच्या भेटीत बहीण म्हणाली, आज रात्रभर थांब, बोलत बसू. भाऊ म्हणाला, नियमाप्रमाणे मला मठाबाहेर रात्र काढता येत नाही. बहिणीने डोकं टेकवून प्रार्थना केली आणि निरभ्र आकाशातून असा पाऊस कोसळला की भावाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. रात्रभर ती दोघं बोलत बसली. तीन दिवसांनी बहीण वारली. ही गोष्ट मला काठीवाल्या सिस्टरने सांगितली आणि म्हणाल्या, नियम लिहिणाऱ्यालाही त्या रात्री कोणीतरी थांबवलं, आम्ही हे दरवर्षी आठवतो.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या सोसायटीत फाटकाशी पाणी, बाक किंवा स्वच्छतागृह अशी सोय असेल, तर ती कशी चालते, साफसफाई कोण करतं, काही अडचण आली का, हे कृपया याच स्तंभात कळवावं. रविवारच्या आत एखादं पत्र आलं तर सभेत वाचून दाखवता येईल. मुदत संपायला अजून चार दिवस आहेत. सकाळी सहाला आणि दुपारी एकला मी माठ भरते. रात्रपाळीचा वॉचमन तो आपणहून काथ्याने घासून पालथा घालतो, आणि परवापासून कोणीतरी पेल्यांशेजारी गुळाची पुडी ठेवतं आहे. कोण ते मला अजून कळलेलं नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)